डाव्या अंगाचे पोचे

यॉर्कशरमध्ये, हॉर्नसीच्या रस्त्यावर, शेवटच्या घरामागच्या आवारात विल्फ स्टॅदर्स खरचटलेल्या कॅरॅव्हॅन, म्हणजे मोटारीमागे ओढत न्यायची चाकांवरची घरं, बऱ्या करत असे. उभी हयात हल शहरातल्या कारखान्यात कॅरॅव्हॅनच्या सांगाड्यांवर पत्रा चढवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर माणसं गुलाब लावतात, कबुतरं पाळतात. याने लोकांच्या मोडक्या गाड्या आणून दारात उभ्या केल्या.

पोचा म्हणजे मागून हातोडी मारली की बाहेर, असं विल्फसमोर कुणी बोलू नये. कॅरॅव्हॅनचा पत्रा पातळ, आणि त्याच्या मागे फोम चिकटवलेला. मागून हात घालायला जागाच नाही. पोचा भरूनच काढावा लागतो. रंग खरवडायचा, लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची. शेवटी डोळे मिटून तळवा फिरवायचा, कारण डोळा फसतो, तळवा फसत नाही. सांध्यांना सिलिकॉन फासणाऱ्यांचा तर त्याला भारी राग. वरून चकाचक, आत ओल, आणि दोन वर्षांत लाकूड कुजून भुसा. "झाकायचं असेल तर पडदा लाव, माझ्याकडे कशाला आलास?" असं तो तोंडावर सांगे.

काम झालं की मालकाच्या हातात चहाचा मग द्यायचा आणि म्हणायचा, "शोध पाहू." मालक वाकून, डोळे बारीक करून बघायचा, आणि हरायचा. जखम कुठे होती ते विल्फ कधीच दाखवत नसे. एवढा एक गर्व त्याला होता, आणि खोटं कशाला बोला, तो पुरेसा मोठा होता.

रॉन ब्लेन्किन हा त्याचा शाळेपासूनचा मित्र. रॉनने आयुष्यभर बस चालवली, हल ते विदर्नसी. कॅरॅव्हॅनवाल्यांच्या तळावर कुणी नवीन आलं आणि गाडी मागे घेऊ लागलं की आजूबाजूचे सगळे पडद्याआडून बघतात, हा तिथला न लिहिलेला कायदा. कुणाच्या तरी तंबूचा खांब तुटावा, नवरा-बायकोचं जुंपावं, एवढीच बिचाऱ्यांची करमणूक. रॉन आला की पडदे हलत नसत. बघण्यासारखं काही घडायचंच नाही. एका दमात गाडी जागेवर.

विल्फची बायको वारली तेव्हा त्याने आपली कॅरॅव्हॅन विकून टाकली. तेव्हापासून रॉन आणि त्याची बायको ग्लेनिस त्याला दर जूनमध्ये बरोबर नेत. त्यांच्या कॅरॅव्हॅनला जोडलेल्या तंबूत त्याची खाट पडे. रात्री तिघं पत्ते खेळत, रॉन लबाडी करी, आणि विल्फला घरी परतल्यावर आठवडाभर घर मोठं वाटे.

नाताळाच्या सुमारास रॉनला न्हाणीघरात चक्कर आली होती. थोडा वेळ जीभ जड झाली, मग सगळं ठीक. दवाखान्याने पुन्हा बोलावलं होतं, पण रॉन गेला नाही. मी ठणठणीत आहे, म्हणाला, आणि ग्लेनिसने दातांच्या कण्या केल्या तरी ऐकलं नाही.

मार्चमध्ये त्याच्या कॅरॅव्हॅनला पहिला पोचा आला, चाकाच्या वर. फाटकाचा खांब पुढे आलाय, रॉन म्हणाला. ईस्टरच्या सुट्टीनंतर दुसरा आला, दाराच्या मागे. या खेपेला म्हणे झुडपांचं कुंपण कुणी छाटलं नव्हतं. विल्फने दोन्ही भरले, दोन्ही वेळा "शोध पाहू" म्हणाला, आणि दोन्ही वेळा रॉन हरला. दोघंही खूश झाले.

मे महिन्याच्या सुट्टीनंतर तिसरा आला. रॉनने गाडी आवारात आणून सोडली, झाडाची फांदी लागली म्हणाला, आणि दूध आणायला निघून गेला. पुढच्या कोपऱ्यापासून लांबच लांब चरा, मध्ये खोलगट पोचा. विल्फने नखाने खरवडलं तर नखाखाली लाल रंग आला. फांदीला लाल रंग नसतो.

ग्लेनिस मागेच उभी होती. तिने हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नीट पूस हां ते लाल," ती हळूच म्हणाली. "त्याला मी फांदी सांगितलंय, काही विचारू नकोस."

"कशाचा आहे?"

"सायकल होती. तळावरच्या नळाला टेकवलेली. नुसती सायकल, विल्फ. वर कुणी नव्हतं."

विल्फने पुढे विचारलं नाही. आता मागे वळून बघताना वाटतं, तेव्हाच विचारायला हवं होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची, हे फक्त आपल्याकडेच चालतं असं थोडंच आहे. यॉर्कशरचा माणूस मित्राच्या गाडी चालवण्याबद्दल बोलण्यापेक्षा त्याच्या बायकोबद्दल बोलेल.

तरी त्या रात्री त्याची झोप उडाली. तिन्ही पोचे डाव्या अंगाला. उजव्या अंगाला साधा ओरखडा नाही. चालवणारा हलगर्जी असता तर दोन्हीकडे लागलं असतं.

शुक्रवारी रॉन नेहमीसारखा जेवायला आला. विल्फने कोपऱ्यावरच्या दुकानातून मासे, चिप्स आणि दोन पॅट्या आणल्या, वर हलमध्ये चिप्सवर घालतात तो लालसर मसाला भुरभुरला, आणि रॉनचं ताट मांडलं. डावीकडे पॅटी, उजवीकडे मासा, मध्ये चिप्स. बटाट्याची ती तळलेली पॅटी म्हणजे रॉनचा जीव की प्राण.

रॉन मासा खात होता आणि तळाची हवा किती बिघडली आहे ते सांगत होता. मासा संपला, चिप्स अर्धे संपले. त्याने काटा खाली ठेवला.

"काय रे लेका, म्हातारपणी कंजूष झालास? माझी पॅटी कुठाय?"

पॅटी ताटात होती, त्याच्या डाव्या मनगटापासून चार बोटांवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून हसण्यासारखी गोष्ट. विल्फला हसू आलं नाही. त्याने ताट धरून अर्धं फिरवलं.

"हां, आता दिलीस," रॉन म्हणाला, आणि आनंदाने खायला लागला.

दुसऱ्या दिवशी विल्फ ग्लेनिसकडे गेला. तिला सगळं माहीत होतं. नाताळातल्या त्या चकरेपासून रॉनला डावीकडचं दिसेनासं झालं होतं, आणि ते त्याचं त्याला कळतही नव्हतं. रॉन दाराच्या डाव्या चौकटीला धडकतो, वर्तमानपत्राचं डावं पान वाचत नाही, डाव्या गालाची दाढी राहते आणि ती गंमत केल्यासारखं करून स्वतः करते. गाडीत ती शेजारी, डावीकडेच बसते, आणि रस्ताभर "जरा उजवीकडे, जरा उजवीकडे" म्हणत राहते. सायकलच्या दिवशी तळावर गाडी मागे घेताना मात्र ती खाली उतरलेली होती.

"मग सांगितलं का नाहीस?" विल्फ म्हणाला.

"सांगितलं की लायसन्स गेलं. मग तो माणूस करणार काय? सांग ना. खिडकीत बसून दुसऱ्यांच्या बसा मोजणार?" तिचा आवाज चिरकला. "तू भरून दे ना बाबा. एवढा उन्हाळा जाऊ दे. तूही येतोसच की आमच्याबरोबर."

ते शेवटचं वाक्य विल्फला फार लागलं. खरं होतं म्हणून लागलं. पोचा भरला तर जूनमध्ये तंबूत खाट होती, पत्ते होते, रॉनची लबाडी होती. नाही भरला तर चौघांसाठी बांधलेलं घर आणि त्यात एकटा तो.

घरी येऊन त्याने ताजा पोचा तसाच ठेवला आणि पॉलिशपेपर घेऊन जुने दोन घासायला सुरुवात केली. स्वतःच्याच हाताने स्वतःचंच काम. रंग गेला, प्रायमर गेला, लांबी उघडी पडली. आयुष्यात त्याने इतकं वाईट वाटणारं काम केलं नव्हतं. संध्याकाळी पांढऱ्याशुभ्र कॅरॅव्हॅनच्या डाव्या अंगावर दोन करडे चट्टे आणि एक लाल चरा, तीन जखमा एका ओळीत दिसत होत्या.

रविवारी रॉन आणि ग्लेनिस गाडी न्यायला आले. रॉन उजव्या बाजूने फिरून आला, खूश दिसला. विल्फने त्याचा हात धरून त्याला डावीकडे नेलं आणि अगदी समोर उभं केलं.

रॉनने तिन्ही जखमा पाहिल्या. मग भडकला. हे काय करून ठेवलंस, वेड लागलंय का, तुझा हात गेलाय तर तसं सांग, हलमध्ये शंभर जण आहेत, त्यांच्याकडून करून घेईन.

"कुणीही करून देईल," विल्फ म्हणाला. "पत्रा भरायला काय लागतं? तिन्ही डावीकडे आहेत, रॉन."

"खांब होता तो. मग कुंपण. मग फांदी. तुला सांगितलंय मी."

"फांदी नव्हती. सायकल होती."

रॉन वळला. ग्लेनिस त्याच्या डावीकडे होती, म्हणून त्याला आधी ती सापडलीच नाही. मान पार फिरवावी लागली. ती मान फिरताना विल्फने पाहिली, आणि त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

"कुठली सायकल?" रॉनने विचारलं.

ग्लेनिस रडायला लागली होती. शेजारच्या तंबूतल्या मुलीची, तिने सांगितलं. सात-आठ वर्षांची असेल. नळावर पाणी भरत होती. सायकल तिच्या बाजूला होती.

"किती बाजूला?"

"दोन हात," ग्लेनिस म्हणाली.

रॉन कॅरॅव्हॅनच्या पायरीवर बसला. हजारो माणसं घरी पोचवलेला माणूस. कुणाला साधं खरचटू दिलं नाही त्याने कधी. मग उठला, गाडीची किल्ली ग्लेनिसच्या हातात दिली आणि विल्फकडे न बघता फाटकातून चालत निघून गेला. जाताना डाव्या खांबाला त्याचा खांदा घासला.

महिनाभर तो विल्फशी बोलला नाही. दवाखान्यात गेला, तिथे जे सांगायचं ते सांगितलं, लायसन्स परत केलं. हे सगळं विल्फला ग्लेनिसकडून कळलं. जून आला आणि गेला. शुक्रवारी विल्फ एकच पॅटी आणी. आपण केलं ते बरोबर केलं, असं तो स्वतःला दिवसातून चारदा बजावत असे, आणि चारही वेळा ते जेमतेमच पटत असे.

कॅरॅव्हॅन विकायची ठरली. तिन्ही जखमा विल्फने पुन्हा भरल्या, या वेळी जास्त निगुतीने. नवा मालक सकाळी नेणार होता, त्याच्या आदल्या दुपारी रॉन आला, ग्लेनिसच्या हाताला धरून. मान सारखी डावीकडे वळवत होता. दवाखान्यात तसं शिकवलं होतं. थकला होता. विल्फला त्याने नुसती मान हलवली.

मग डोळे मिटून त्याने तळवा पत्र्यावर ठेवला आणि मागून पुढे चालत गेला. परत आला. पुन्हा गेला.

"नाही सापडत," तो म्हणाला. "जिंकलास, लेका. कुठे होतं?"

विल्फने आजवर कुणालाच दाखवलं नव्हतं. त्याने रॉनचा हात हातात घेतला आणि चाकाच्या वर ठेवला. मग दाराच्या मागे. मग पुढच्या कोपऱ्याजवळ.

"ही ती सायकलची जागा?"

"हो."

रॉनचा हात तिथेच राहिला.

"नाव काय होतं गं त्या पोरीचं?" त्याने ग्लेनिसला विचारलं.

ग्लेनिसला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी ती घाईघाईने गाडीत बसली होती, आणि ते निघून आले होते.

"विचारायला हवं होतं आपण," रॉन म्हणाला.