परवाचा शेवट

त्या खेळाचं नाव मला आजही सांगता येणार नाही, कारण ते जपानीत होतं. कॅसेटवर एक तलवारवाला पोरगा, मागे जहाज आणि वर मुंग्यांसारखी अक्षरं. परदेशी वस्तूंची दुकानं तेव्हा नुकतीच भरायला लागली होती. सिकंदराबादच्या अशाच एका दुकानात वडिलांनी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेतला, आणि दुकानदारानं ही कॅसेट वर फुकट दिली. जपानी, कोण घेणार?

आम्ही घेतली! मी आणि दादानं. हैदराबादेत नल्लकुंट्याच्या घरी आई शाळेतून शिकवून परत येईपर्यंत आमचंच राज्य. बाकीच्या खेळांत नुसत्या गोळ्या झाडायच्या. ह्यात गावोगाव हिंडायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं, आणि लढाईत आपली पाळी येईपर्यंत गप उभं राहायचं. काय सभ्य माणसं! राक्षससुद्धा पाळी मोडत नसे. गावात शिरलं की एक धून वाजायची, इतकी साधी की पोळ्या लाटताना मी ती अजून गुणगुणते.

बटणं दादाकडे, वाचन माझ्याकडे. वाचन कसलं, थापा! पडद्यावर अक्षरांची चौकट उमटली की मी आवाज काढून बोलायची. राजा शुद्ध मराठीत, आमच्या मराठीच्या बाईंसारखा. खेळातला दुकानदार मात्र दख्खनीत: “क्या होना मियाँ, जल्दी बोलो, दुकान बढ़ाना है!” दादा हसून लोळायचा. खेळातल्या आमच्या चौघांच्या टोळीत पांढऱ्या झग्यातली एक औषधवाली होती. सगळ्यांच्या जखमा भरायची, स्वतः मार खायची. ती मी. तलवारवाला अर्थातच दादा.

शेवटच्या किल्ल्याशी पोहोचलो आणि दादाची इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची परीक्षा आली. “शेवट दोघांनीच बघायचा हं,” मी म्हटलं.

“म्हणजे काय! तुझ्याशिवाय हात लावणार नाही, आईशप्पथ. परवा खेळू.”

आमच्या ‘परवा’चं सांगायला हवं. हैदराबादी माणसाचं ‘परसों’ म्हणजे गेलेला किंवा येणारा कुठलाही दिवस. महिन्यापूर्वीचं लग्नही परसों, पुढच्या वर्षीचं बारसंही परसों. इथं राहून राहून आमच्या मराठीतल्या ‘परवा’लाही तोच रोग जडलेला. पुण्याची मावशी ह्यावरून फार वैतागायची. मी मात्र निमूट वाट पाहिली. एकटीनं कॅसेट लावलीसुद्धा नाही. वेडीच मी!

परीक्षा झाली तरी दादाचं परवा, परवा चालूच. मग एक दिवस हिमायतनगरचा त्याचा मित्र घरी आला. मी सहज विचारलं, तूही खेळतोस का हा खेळ?

तो खुशीत म्हणाला, “हौ! परसों इनो कैसेट लाए, हमारे घर में पूरा खतम करे ना. बोले नईं क्या इनो? वो सफेद कपड़ेवाली तो पहलेइच मर गई, फिर भी जीत गए!”

माझं डोकंच फिरलं. “कधी?” मी दादाला विचारलं.

तो फरशीकडे बघत म्हणाला, “परवा.”

ज्या शब्दानं वचन दिलं, त्याच शब्दानं मोडलं! आणि मला, औषधवालीला, उठवलंसुद्धा नाही? जिवंत करायचं औषध पिशवीत होतं, मीच साठवून ठेवलेलं. “घाईत होतो गं,” म्हणे. कसली घाई, मेल्या? तुझी पाळी येईपर्यंत राक्षस थांबत होता की!

संध्याकाळी जेवताना तोच हळूच म्हणाला, “शेवटी सगळे खूप बोलतात गं. राजा, दुकानदार, चौकटींवर चौकटी. आम्हाला ओ की ठो कळलं नाही. काय बोलले असतील?”

मला माहीत होतं. कितीतरी दुपारी मी ते मनातल्या मनात बोलून ठेवलं होतं. राजा काय म्हणेल, दुकानदार काय म्हणेल, औषधवाली तलवारवाल्याला काय म्हणेल. मी भात कालवत राहिले.

आता दादा अमेरिकेत असतो. मध्ये फोनवर म्हणाला, तो खेळ कुणीतरी इंग्रजीत केलाय, शेवट पाठवू का?

“नक्को,” मी म्हटलं.

“मग तूच सांग ना, तुझ्या आवाजात. काय बोलले ते?”

अजून विचारतो, निर्लज्ज!

“सांगेन की,” मी म्हटलं. “परवा.”