दाराशी टेकवलेली काठी

सकाळी अंगणात तोंड धुताना समोरच्या दाराशी टेकवलेली बांबूची काठी दिसली. या गावात जंगलाची राखण घरोघरच्या पाळीने चालते. ज्याच्या दाराशी काठी, त्याने दिवसभर जंगलात फिरायचं आणि संध्याकाळी ती पुढच्या घराशी ठेवायची. हजेरी नाही, पगार नाही.

पण समोरचं घर लक्ष्मणचं. चोरून साग तोडताना गावाने त्याला मागच्याच आठवड्यात पकडलं होतं. काल पाळी शांताबाईंची होती, म्हणजे काठी त्यांनीच ठेवलेली. मी त्यांच्याकडेच उतरलो होतो.

"अहो, त्याच्याच हाती राखण?"

अंगणातली चूल फुंकत त्या म्हणाल्या, "त्याचं घर वगळलं, तर जंगल बाकीच्यांचं झालं न. मंग त्यानं कशापायी राखावं?"

आमच्या सोसायटीत चुकणाऱ्याला आधी ग्रुपमधून काढतात. तिथे एक झाडही धड जगत नाही.

लक्ष्मण बाहेर आला. काठीकडे बघत उभा राहिला. आत गेला, डोक्याला दुपट्टा बांधून परत आला आणि काठी उचलून जंगलाच्या वाटेला लागला.

तेव्हा कुठे शांताबाईंनी फुंकणं थांबवलं. चूल केव्हाची पेटलेली होती.