चंद्रावतीने ठेवलेला नारळ

भाईंदरच्या पश्चिमेला, खाडीकाठच्या एका जुन्या कोळीवाड्यात चंद्रावतीचे घर होते. ओहोटी लागली की चिखलात उतरायचे, निवट्याचे बीळ हेरायचे, दंडापर्यंत हात आत घालून तो बुळबुळीत जीव अलगद बाहेर काढायचा, हे तिने परकर नेसण्याच्या वयापासून केले. निवटा हा सृष्टीचा एक नवलाचा जीव. मासा असूनही तो उघड्या चिखलावर तासन्‌तास बसतो, पुढच्या परांवर कोपरे टेकल्यासारखा सरपटतो आणि माथ्यावरचे फुगीर डोळे फिरवून जग न्याहाळतो. पाणी सोडावे की जमीन धरावी, याचा निर्णय जणू त्याने अजून घेतलेला नाही.

तिवरांच्या दाटीत देवीची एक घुमटी होती, आणि घुमटीमागे चिखलाचा एक पट्टा. गाव त्याला आईचा कोपरा म्हणत असे. तिथल्या बिळात कुणी हात घालीत नसे. तिथे वाढलेली पिल्ले साऱ्या खाडीभर पसरतात आणि साऱ्या गावाची टोपली भरतात, एवढी जाण त्यामागे होती. उरलेली भक्ती होती. परक्या माणसाला तिथे न्यायचेच झाले तर गावातल्या कुणीतरी घुमटीपुढे आपल्या नावाचा नारळ ठेवायचा. पाहुण्याने मर्यादा मोडली, तर नारळ ठेवणाऱ्याने वर्षभर चिखलात पाऊल टाकायचे नाही, असा दंडक होता. त्या भयाने असा नारळ सहसा कुणी ठेवीतच नसे.

दोन हजार आठ साली चंद्रावतीने तो ठेवला. सुचेता नावाच्या मुलीसाठी.

सुचेता शांती नगरात भाड्याच्या खोलीत राहून जीवशास्त्रात संशोधन करीत होती. प्राणी पाण्यातून भूमीवर कसे आले असतील, या आदिम प्रश्नाचा एक धागा तिला निवट्याच्या बिळात दिसत होता. पहिल्या दिवशी ती मांडीपर्यंत चिखलात रुतली, तेव्हा चंद्रावतीने तिला बखोटीला धरून ओढून काढले. "पाय उचलू नको गो, सरकव. चिखलाशी भांडशील तर तो तुलाच गिळंल." त्या दिवसापासून सुचेता तिला मावशी म्हणू लागली आणि ओहोटीच्या वेळा पाहून तिच्या घरी जेवू लागली.

आणि तिने मावशीला एक अपूर्व गोष्ट सांगितली. बिळाच्या तळाशी निवटा एक खोली करतो. मादी त्या खोलीच्या छताला अंडी चिकटवते. पण चिखलातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. म्हणून नर वर येतो, तोंडात हवा भरून घेतो, खाली जातो आणि ती खोलीत सोडतो. पुन्हा वर येतो, पुन्हा खाली जातो. परदेशातल्या अभ्यासकांनी हे नुकतेच पाहिले होते. आपल्या खाडीतला निवटाही तसेच करतो का, हे सुचेताला पाहायचे होते.

चंद्रावती थक्क झाली. ज्या बिळांत तिने आयुष्यभर हात घातला, त्यांच्या तळाशी एवढी माया भरलेली असेल, हे तिच्या मनातही आले नव्हते.

"म्हंजे बाप पोरांना वारा घालतो," ती नवऱ्याकडे, लीलाधरकडे, बघून म्हणाली. "आणि आमचे हे पाळण्याची दोरीसुद्धा ओढीत नसत."

"मी निवटा न्हाय," जाळे विणता विणता लीलाधर म्हणाला.

"तेच सांगतंय मी."

इतरत्र सगळी बिळे हातांनी विस्कटलेली. अखंड घरे उरली होती ती केवळ कोपऱ्यात. सुचेता म्हणाली, काठावर बसून दुर्बिणीने फक्त पाहीन, काडीसुद्धा लावणार नाही. जमातीचे वृद्ध पाटील धाकू यांनी चंद्रावतीला विचारले, "पोर ऱ्हाईल का शब्दाला?" ती म्हणाली, "माज्या हातचं जेवतंय ती." आणि तिने नारळ ठेवला.

पुढे चंद्रावतीच्या भाचीचा, दिशाचा, साखरपुडा ठरला. सारा कोळीवाडा हळदकुंकवात आणि वाजंत्रीत गुंतणार होता. सुचेताला पहिले आमंत्रण होते, पण तिने फोनवर कळवले, "मावशी, ताप आहे, उठवत नाही." चंद्रावतीचा साऱ्या समारंभात जीव लागेना. परक्या गावात पोर एकटी, तिला पेज तरी कोण देणार? दुसऱ्या दिवशी तिने डब्यात पेज घेतली, भाजलेले बोंबील पानात बांधले आणि रिक्षा करून शांती नगर गाठले.

दार सुचेतानेच उघडले. तिला ताप नव्हता. तिच्या नखांत आणि कोपरांच्या घड्यांत खाडीचा काळा चिखल वाळलेला होता. मागे टेबलावर एक पांढरी, कठीण वस्तू धुऊन ठेवली होती. वर दोन तोंडे, खाली उतरणारी वाकडी मान, आणि तळाशी फुगलेला घुमट.

चंद्रावतीने ती क्षणात ओळखली, जरी डोळ्यांनी ती कधीच पाहिली नव्हती. ते निवट्याचे घर होते. बिळात पातळ राळ ओतून, ती घट्ट झाल्यावर खणून काढलेले. किती देखणे होते ते! घुमटाच्या माथ्यावर राईच्या दाण्यांहून बारीक अंड्यांचा थर चिकटला होता, आणि त्याच्या खाली, राळेत अर्धा बुडालेला, नर.

"ह्यो भायेर का न्हाय पडला?" तिने हळू विचारले.

"दुसरी वाट मोकळी होती," सुचेता म्हणाली. "पडू शकला असता. पण तो पडला नाही." मग तिने चंद्रावतीचे दोन्ही हात धरले. "मावशी, एकच बीळ. याच्याशिवाय माझं सगळं काम अर्धवट राहिलं असतं. माझे मार्गदर्शक सर महिनाभर मागे लागले होते. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. कुणाला सांगू नका ना."

चंद्रावतीने हात सोडवून घेतले, पेजेचा डबा टेबलावर ठेवला आणि जिना उतरली. साखरपुड्याचा दिवस तिनेच हौसेने या मुलीला सांगितला होता. त्या दिवशी खाडीवर चिटपाखरू नसेल, हेही ओघात सांगितले होते. रिक्षात तिला तेच आठवत राहिले.

त्याच संध्याकाळी ती धाकूंच्या ओट्यावर गेली आणि तिने आपल्या तोंडाने सारे सांगितले.

रविवारी घुमटीपुढे जमात बसली. सुचेतालाही बोलावले होते. ती आली, पांढरीफटक. धाकूंनी विचारले, "कोपऱ्यात खणलंस?"

"हो."

"कोनाला इचारून?"

सुचेताने एकदा चंद्रावतीकडे पाहिले. गावाने तक्रार केली असती तर तिचे संशोधन तिथेच बुडाले असते. हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होते. मग ती खाली बघून म्हणाली, "मावशींना विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या होत्या."

लीलाधर उठू लागला. चंद्रावतीने त्याच्या सदऱ्याचे टोक धरून त्याला खाली बसवले.

तिचा पुतण्या अल्पेश काशीमीऱ्याच्या हॉटेलांना मासळी पुरवीत असे. तो म्हणाला, "काकीनेच परमिशन दिली, मग विषयच संपला ना. घरच्यांनीच मोडलं, आता कसला कोपरा? सगळ्यांना ओपन करा."

"तुला बरी घाई रे," एक म्हातारी फणकारली. "तुजं हाटेल उपाशी मरतंय जनू."

धाकूंनी हात वर केला. "चंद्रावती, तू हो म्हनलीस?"

चंद्रावती उभी राहिली. आपला शब्द त्या मुलीच्या शब्दावर भारी पडेल, हे ती जाणून होती. पण वाद घालायचा तर त्या मुलीच्या तोंडाला तोंड द्यावे लागणार होते, आणि ज्या तोंडात आपण घास घातले त्याच्याशी भांडायला तिचे मन तयार होईना.

"मी हो न्हाय म्हनले," ती एवढेच बोलली. "तिला काय बोलायचं ते बोलू द्या. नारळ माजा व्हता. माजी खाडी बंद करा. कोपरा उघडू नका, त्यानं कायपन मोडलं न्हाय."

तसेच ठरले. कोपरा राहिला, चंद्रावती काठावर आली.

काही आठवड्यांनी सुचेता घरी आली. चंद्रावती अंगणात सुकट पसरीत होती. तिने हात धुतले, आतून प्लास्टिकची खुर्ची आणून पदराने पुसली.

"बसा, मॅडम."

सुचेता बसली नाही. "मावशी, मी घाबरले होते. मला असं परकं करू नका. शिव्या द्या हवं तर."

"शिव्या घरच्यांना देतात," चंद्रावती म्हणाली. तिच्या स्वरात राग नव्हता. राग असता तर सुचेताला काही आशा उरली असती. "उन्हातून आलाव. पानी पिऊन जावा."

तिने तांब्या आणून दिला, आणि पुन्हा सुकटीपाशी जाऊन बसली. खाडीला ओहोटी लागली होती. गावच्या बायका टोपल्या घेऊन अंगणावरून उतरू लागल्या. कुणीतरी सवयीने तिला हाक मारली, आणि मग चूक लक्षात येऊन गप्प झाली.