दही, लॅच आणि तेस्फाये सरांचा इंटरव्ह्यू

सुधाताई, गुडघा काय म्हणतोय? नाना, डोळ्याची पट्टी निघाली का? आणि वारज्याच्या मीना, तुझा खोकला गेला की अजून घर जागवतोय? सगळे बरे असाल असं धरून सांगते...

परवा आमच्या धायरीत मी एका प्रोफेसरांना त्यांच्याच घराबाहेर काढलं. तेही हातावर दही देऊन!

समोरच्या फ्लॅटमध्ये तेस्फाये सर राहतात. मूळचे इथिओपियाचे, मातीचा अभ्यास शिकवतात. आधी जर्मनी, मग ब्राझील आणि आता वर्षभरासाठी पुणे... विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर!

बायको आणि छोटी लेक मात्र इथिओपियातच. इथे पुढची तीन वर्षांची नोकरी मिळाली तर त्या दोघी येणार, नाहीतर सरांना पुन्हा नवा देश आणि पुन्हा एकट्याचा चहा.

त्या नोकरीचा इंटरव्ह्यू परवा सकाळी होता, ऑनलाइन. मी हौसेने दही घेऊन गेले. पण माणूस घराबाहेर पडलाच नाही तर दही लागू कसं पडायचं?

म्हटलं, “सर, नुसता उंबरा ओलांडा आणि परत आत जा.” गुणी माणूस, लगेच बाहेर आला... आणि वाऱ्याने दार धाडकन बंद! लॅच लागलं. किल्ली आत, लॅपटॉप आत, फोनही आत. सर जिन्यात... वर इस्त्रीचा शर्ट आणि टाय, खाली बर्म्युडा, तळहातावर दही.

आमचे हे पेपरातून मान वर काढून म्हणाले, “वा! लोक दही देऊन कामावर पाठवतात, आपण रस्त्यावर काढलं.”

माझ्या हौसेपायी त्या चिमुरडीचं येणं राहिलं तर? सरांनी मात्र आधी दही चाटून घेतलं आणि मग शांतपणे विचारलं, “काकू, तुमचा फोन?”

सरांनी आमच्या दिवाणावर बसून माझ्या फोनवर आपलं मेल उघडलं आणि इंटरव्ह्यू सुरू झाला. पलीकडच्या मंडळींना सरांच्या जागी नाव दिसलं, ‘मंदाकिनी काकू’. त्यात कुकरने शिट्टी दिली... धरणीमाते, पोटात घे!

तेव्हा सरांनी सगळं खरं खरं सांगून टाकलं. दही, दार, लॅच. पलीकडे एकच हशा! त्यांच्यातल्या एक बाई मराठीत म्हणाल्या, “काकू आहेत का तिथे? साखर घातली होती ना?”

मला राहवलं नाही. स्वयंपाकघराच्या दारातूनच ओरडले, “साखरेशिवाय कोण देतं हो?”

त्यानंतर सर असे काही खुलले! मला इंग्रजी जेमतेम समजतं, पण मातीबद्दल बोलताना त्यांचे हात बघत राहावेसे वाटत होते. किल्लीवाला येऊन दार उघडून गेला, तरी सरांचं चालूच.

काल दुपारी बेल वाजली. सर दारात, फोनवर व्हिडिओ कॉल चालू. त्यात दोन वेण्या घातलेली एक पोरगी आपला रिकामा तळहात पुढे करून हसत होती... नोकरी मिळाली!

आज विरजण मोठ्या पातेल्यात लावलंय. दूरदेशी शिकवायला गेलेली तुमचीही मुलं-सुना असतील. त्यांना तिथे निघताना हातावर काय देतात, कोण देतं? लवकर कळवा हं, मी वाट बघतेय.