सेवापुस्तकातला ट्रेड

गेल्या प्रजासत्ताक दिनी कळमेश्वरच्या एका शाळेत माजी सैनिकांचा सत्कार झाला, तेव्हा वडिलांचा परिचय मी खोटा लिहून दिला. सैन्यात कामाला ट्रेड म्हणतात. तुरटीचा वास लागलेल्या त्यांच्या सेवापुस्तकात त्या रकान्यात ‘न्हावी’ होते. मी ‘लढाऊ शिपाई’ लिहिले. निवेदकाने ते वाचताच टाळ्या पडल्या. वडिलांनी माईक मागून घेतला. “चुकलं गा भाऊ. म्या फौजेत चोवीस वर्षं जवानांचे केस कापले.” मग पहिल्या रांगेत बसलेल्या मला विचारले, “तुले सांगाले लाज वाटली काय?” तोवर दर महिन्याला माझे केसही तेच कापत. पुढच्या रविवारी मी अंगणात खुर्ची टाकून बसलो. कात्री त्यांनी आजवर काढलेली नाही.