ओट्यात नसलेला पाईप

आमच्या टबाच्या ओट्यातला वायरीचा पाईप मी उपटला होता. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच.

हिचे गुडघे धरलेले. पुण्याच्या मुलानं गरम पाण्याचा बसायचा टब पाठवायचं ठरवलं (आख्ख्या सोनईत पहिलाच असावा, ही कौतुकाची गोष्ट नाही). भरल्यावर वजन दीड टन, म्हणून परसात काँक्रीटचा ओटा. नामदेव मिस्त्री जाडी ऐकून म्हणाले, "गुरुजी, आंघोळच करायची हाय ना? का हत्ती बांधायचाय?"

वायरमननं बजावलं, "वायर ओट्याखालून, पाईपातून. वेगळा ब्रेकर, वेगळं अर्थिंग. पाण्यात बसणार आहात, इस्त्री करायला नाही."

काँक्रीट ओतायच्या आदल्या संध्याकाळीच मिस्त्रींनी पाईप उभा केला. नेमका ईशान्य कोपऱ्यात!

सकाळी ही पूजेचं ताट घेऊन हजर. टबाच्या ओट्याची पूजा! "अहो, नारळ ईशान्येला ठेवायचाय. मध्येच हे काय?"

दोन मिनिटांचा प्रश्न, म्हणून मी पाईप उपटला, दोडक्याच्या वेलात टेकवला, आरती म्हटली आणि चहाला आत गेलो. मिस्त्री रस्त्यावर मिक्सरपाशी. गड्यांनी घमेली ओतली आणि मोकळे झाले.

आठ दिवसांनी वायरमन आला. ओट्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. "वायर कुठून घालू? फुंकून?"

"म्या माझ्या हातानं पाईप लावला व्हता," मिस्त्री म्हणाले.

"वय झालं तुमचं, मिस्त्री," ही म्हणाली.

आणि मी मान डोलावली. पंचवीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवणारा मी!

मिस्त्रींनी स्वतः ओटा फोडला. नवा पाईप आणायला निघाले, तर दोडक्यापाशी थबकले. "ह्यो बराबर मापाचा हाय की, गुरुजी."

"राहू द्या, वेल तुटेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग सायकल काढून दुकानात गेले.

टब झकास चालतो. ही आता जिना चढते. पण हिनं भावाला फोनवर सांगितलं, "मिस्त्री हल्ली विसरतात," आणि मेव्हण्याच्या बंगल्याचं काम दुसऱ्याकडे गेलं. हे बोलणं चाललं होतं तेव्हा मी टबात होतो, गळ्यापर्यंत. कानांपर्यंत बुडालो आणि ऐकू आलं नाही असं ठरवलं.

हिला शेजारी बसवून मला नामदेव मिस्त्रींची माफी मागायची आहे. मेव्हण्याला खरं सांगायचं आहे. दोन्ही अजून बाकी आहेत.