बावन्नातून अडतीस

सुवर्णा आणि तिचा नवरा गोरक्ष आमच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायचे. त्यांचं एक भांडण मी ऐकलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. मुद्दाम नाही ऐकलं. झेंडूच्या ओळीत खाली बसून फुलं खुडत होते, मी त्यांना दिसले नाही. मध्येच उठले असते तर तिघांनाही अवघडल्यासारखं झालं असतं, म्हणून बसूनच राहिले.

“शाळा सुटली तरी फोनात परत शाळाच!” गोरक्ष म्हणत होता. तो ओझरच्या कारखान्यात कामाला. “बरं, बसतेस तर कॅमेरा बंद करून. बाकीच्यांचे चेहरे, अन् तुझ्या जागी नुसतं ‘सु’.”

“ऐकते ना मी.”

“मग तोंड दाखव की.”

“दाखवलं अन् हसले म्हणजे?”

“बारा वर्षं गणित शिकवतेस बाई! पोरांना घाबरत नाहीस, अन् मास्तरांना घाबरतेस?”

भांडण तिथंच सुकलं.

सुवर्णा जवळच्या वस्तीवरच्या शाळेत बाई होती. खोलीत रेंज येत नसे, आमच्या ओट्यावर यायची. म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी ती पाण्याच्या तांब्याला फोन टेकवून ओट्यावर बसायची आणि मी शेजारी फुलं निवडत. फोनात जिल्हाभरातले गणिताचे शिक्षक जमायचे. एकानं आपल्या वर्गातला तास फोनवर टिपून आणायचा, बाकीच्यांनी तो बघून बोलायचं. नियम एकच. पोरगं चुकलं तर चूक म्हणायचं नाही, त्याला तसं का वाटलं असेल ते शोधायचं. हा नियम माझ्या सासरी कुणी लावला असता तर माझी निम्मी रडणी वाचली असती.

मला ती वेळ फार आवडे. ऊन उतरलेलं, फुलांचा वास अंगाखांद्यावर, आणि फोनात लहान लहान खिडक्या. एका खिडकीत दिवा लागलेला, दुसरीत अजून उजेड. मालेगावच्या लखन सरांच्या मागे यंत्रमागाची खटखट चाललेली. सुरगाण्याच्या सायली मॅडमकडे पाऊस पडत असायचा, आमच्याकडे थेंब नाही. त्यांचा आवाज तर ओठ मिटल्यावर यायचा, डोंगर उतरून यायला वेळ लागत असेल. मला डुलकी लागे. मग ते आकडे झेंडूच्या सऱ्यांमधून एकामागं एक चालत जाताना दिसायचे, हातचा एक सगळ्यात मागे, थकलेला.

सुवर्णाची पाळी आली. बिचारीनं आठवडाभर पोरांकडून तालीम करून घेतली आणि मग तास टिपला. फोनात तिचा आवाज आला, “मुलांनो, बावन्नातून—” आणि पुढच्या बाकावरची पोर ओरडली, “चौदा, बाई!”

लखन सर खो खो हसले. “मॅडम, प्रश्न अजून वाटेतच आहे, उत्तर घरी पोचलं!”

सगळ्या खिडक्या हसल्या. सुवर्णानं फोन पालथा घातला.

पुढचे काही शुक्रवार ती ओट्यावर आलीच नाही. शेवटी मीच म्हटलं, “सुवर्णा, ओटा रिकामा दिसला की कोंबड्या चढतात गं. त्यांचं गणित माझ्याच्यानं निस्तरत नाही.”

ती हसली. “आजी, लखन सरांचा फोन आला होता. म्हणतात, मॅडम, हसलो कारण माझी तालीम आठवली. मी तर पोरांना टाळ्या कुठं वाजवायच्या तेसुद्धा शिकवलं होतं.”

“मग?”

“मग काय. आता तालीम न घेता टिपते.”

त्या शुक्रवारी तिनं कॅमेरा लावला. तांब्याला टेकवलेला फोन दोनदा घसरला. मीही फुलं बाजूला ठेवली. नव्यानं टिपलेल्या तासात वेदिका नावाच्या पोरीनं बावन्नातून अडतीस वजा करून सव्वीस लिहिलेले. फोनातली सुवर्णा पोरीच्या वहीवर वाकली. मग हळूच विचारलं, “कसं केलंस गं?”

“बाई, दोनातून आठ जात नाहीत. आठातून दोन जातात. मग जे जातं ते केलं.”

सुवर्णा पदराचं टोक पिळत होती. आता सगळे हसणार, असं मलाही वाटलं. तेवढ्यात सायली मॅडमचा आवाज उशिरानं पोचला, “माझी पोरंपण अस्संच करतात. मी आजवर नुसती फुली मारत आले हो.”

“मॅडम,” लखन सर म्हणाले, “तेवढंच परत लावा ना. ती सांगते तेवढंच.”

तेवढंच परत लागलं, मग पुन्हा लागलं. मग सगळेच बोलू लागले. कुणी म्हणालं, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे हातात द्या. कुणी म्हणालं, गठ्ठा बाईंनी सोडायचा नाही, पोरीलाच सोडू दे. पुढच्या आठवड्यात चौघांनी आपापल्या वर्गात करून बघितलं. सुवर्णाच्या वर्गात वेदिकेनं स्वतः गठ्ठा सोडला, बारा काड्यांकडे बघत बसली आणि म्हणाली, “आता आठ जातात की!” ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी का यावं, कुणास ठाऊक. ‘सु’ काही परत दिसलं नाही.

यंदा तिची बदली सटाण्याकडे झाली. सामान टेंपोत चढलं तो शुक्रवारच होता. तरी ती ओट्यावर बसली, केस विस्कटलेले, गालावर धूळ, कॅमेरा चालू. गोरक्ष टेंपोपाशी ओरडला, “अगं, निदान तोंड तरी धू!”

“राहू द्या, ओळखीचेच आहेत सगळे,” ती म्हणाली.

बोलणं संपलं तशी ती उठली. शुक्रवारचं माझं दळण गिरणीतून तीच आणायची. टेंपोवाला हॉर्न देत होता, तरी डबा आणायला गेली. परत आली, डबा चुलीशेजारी ठेवला, झाकण जरा तिरकं केलं आणि म्हणाली, “आजी, पीठ गरम आहे. लगेच झाकू नका.”